ऐकणाऱ्याची वही

खानदेशातल्या वाचनाचा इतिहास सांगताना आधी वाचनालयांची स्थापनावर्षे मांडली जातात. जळगावचे व. वा. वाचनालय 1877 चे, तिथून सुरुवात होते. पण देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक कोणी नेले आणि कधी परत केले एवढेच कळते. ते वाचून त्याच्या मनात काय उमटले, हे कळत नाही. माझ्या मते हा दुसरा इतिहास जेवढा उरला, तेवढा ऐकून लिहून ठेवणाऱ्यांमुळे उरला. याचा सर्वांत ठळक पुरावा धुळ्याच्या तुरुंगातला आहे. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबा तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. 1930-31 मध्ये त्यांनी 'गीताई' रचली होती, म्हणजे गीतेतला शब्द न् शब्द त्यांनी मराठीत तोलून पाहिला होता. समोर सत्याग्रही कैदी होते, आणि त्यांच्यातच साने गुरुजी. गुरुजींनी ते बोलणे लिहून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक चालवलेल्या माणसाला हे काम नवे नव्हते.

कोणी म्हणेल, हे तर प्रवचन. श्रद्धेने ऐकणे वेगळे आणि वाचकाने आपले मत मांडणे वेगळे. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पुस्तकात विनोबांचा आवाज आहे, ऐकणाऱ्यांचा नाही, आणि ही उणीव मोठी आहे. तरीही विनोबा बोलले ते स्वतःला उमगलेल्या गीतेविषयी, कैद्यांना कळेल अशा साध्या मराठीत. वाचकाने आपले वाचन इतरांपुढे ठेवणे ते हेच. दुसरा आक्षेप असा, की टिपणाऱ्याची लेखणी मूळ बोलण्यात मिसळते. मिसळत असेलही. पण बहिणाबाई चौधरींकडे पाहा. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी गाणी उतरवून घेतली, मुलगा सोपानदेव यांनी ती जपली, आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. तेव्हा शुद्धतेच्या काळजीने कोणी हात आखडता घेतला असता, तर जळगावच्या मातीतली ही कविता बहिणाबाईंबरोबरच संपली असती.

खानदेशात आजही वाचक जमतात, वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांवर बोलतात. तिथे एकाने तरी वही उघडून बसावे, आणि या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांचे बोलणेही उतरवून घ्यावे. वाचनालयांनी ती वही देवघेवीच्या नोंदवहीशेजारी जपून ठेवावी.