गिनीपिगचं फ्लीस कसं धुवायचं? सुगंध येतो म्हणजे ते स्वच्छ झालं, असं नाही!

घरात गिनीपिग आणला की सुरुवातीला पिंजऱ्यात वर्तमानपत्र किंवा लाकडाचा भुसा टाकला जातो. कागद तासाभरात ओला होतो, भुसा घरभर उडतो. मग कुणीतरी फ्लीस वापरायला सांगतं. कापड मऊ असतं, दिसायला छान असतं आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतं.

पण महिनाभरातच तक्रार सुरू होते. "एवढं धुतो, छान सुगंधी सॉफ्टनर घालतो, तरी पिंजऱ्याला वास येतो आणि कापड ओलंच राहतं!"

बऱ्याचदा यात दोष फ्लीसचा नसतो, त्या सॉफ्टनरचा असतो. असं का होतं, ते समजून घेऊया.

फ्लीस नेमकं काय काम करतं?

फ्लीस हे पॉलिएस्टरचं कापड. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्स या कंपनीने १९७९ मध्ये ते तयार केलं. उबदार असूनही लवकर वाळणारं म्हणून ते आधी जॅकेटांसाठी लोकप्रिय झालं.

पॉलिएस्टरचा तंतू स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. सुती सोलापुरी चादर ओली झाली की बराच वेळ ओली राहते, कारण सुती धागा पाणी धरून ठेवतो. फ्लीसमध्ये पाणी तंतूंमधल्या फटींतून खाली झिरपतं आणि वरचा पृष्ठभाग बऱ्यापैकी कोरडा राहतो.

म्हणजेच फ्लीस एकटं पुरत नाही. त्याच्याखाली मूत्र शोषणारा थर हवाच. जुना टॉवेल, सुती चादर किंवा पातळ गोधडी चालते. टॉवेल मात्र वर अंथरू नका, त्याच्या धाग्यांच्या फासात गिनीपिगची नखं अडकतात. फ्लीस कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून वर तेच बरं.

ओलं राहिलं तर काय बिघडतं?

मूत्रातल्या युरियाचं विघटन जिवाणू करतात आणि त्यातून अमोनिया वायू तयार होतो. गिनीपिग नाकानेच श्वास घेतो आणि त्याचं नाक त्या कापडापासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर असतं. तुम्हाला उभ्या उभ्या वास आला, तर तो प्राणी कितीतरी आधीपासून तो श्वासात घेत असतो. यामुळे श्वसनमार्गाचा दाह होतो आणि न्यूमोनियासारख्या संसर्गाला वाट मिळते.

दुसरा त्रास पायांचा. गिनीपिगच्या तळव्यांवर केस नसतात. सतत ओल्यात उभं राहिल्याने तळवे लाल होतात, सुजतात आणि पुढे जखमा चिघळतात.

सॉफ्टनर का नको?

सॉफ्टनर प्रत्येक तंतूवर मेणासारखा पातळ थर सोडतो. कपडे त्यामुळेच मऊ लागतात. पण याच थरामुळे पाणी खाली झिरपणं बिघडतं आणि मूत्र वरच साचतं. शिवाय उग्र सुगंधाचा त्रास त्या इवल्याशा नाकाला होतो तो वेगळाच. ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागदही याच कारणासाठी टाळा.

धुण्याची योग्य पद्धत

१. आधी झाडा. एक गिनीपिग दिवसाला शंभरच्या आसपास लेंड्या टाकतो. त्या रोज लहान झाडूने सुपलीत भरा. धुण्याआधी कापड बाहेर झटका आणि रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने घासा, चिकटलेलं गवत आणि केस निघून येतात. हे केलं नाही, तर गवत मशीनच्या फिल्टरमध्ये किंवा मोरीत अडकतं.

२. साध्या पाण्यात खळबळा. बादलीत दोन-तीन वेळा थंड पाणी बदला. मूत्राचा बराचसा भाग इथेच निघून जातो.

३. पांढरे डाग असतील तर व्हिनेगर. गिनीपिगच्या मूत्रात कॅल्शियम बरंच असतं. ते वाळलं की पांढरट खरखरीत पूड राहते आणि ती साबणाने सहज जात नाही. अर्ध्या बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून कापड अर्धा तास भिजवा, मग साध्या पाण्यातून काढा.

४. साबण कमी, पाणी जास्त. सुगंध नसलेला द्रव डिटर्जंट घ्या, नेहमीच्या निम्मा पुरतो. मशीनमध्ये कापड जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या उशीच्या अभ्र्यात घाला. पाणी ४० अंशांपर्यंत असू द्या. एकदा जास्तीचं खळबळून घ्या, कारण उरलेला साबणही पाणी अडवतो आणि त्वचेला खाज आणतो. घरच्या कपड्यांसोबत हे धुऊ नका.

५. पूर्ण वाळवा. ऊन सर्वांत उत्तम. इस्त्री नको, पॉलिएस्टर वितळतं. ड्रायर असेल तर कमी उष्णतेवर चालवा.

दोन गिनीपिग असतील तर साधारण तीन-चार दिवसांनी कापड बदलावं लागतं. ते जिथे गवत खातात आणि झोपतात, तिथे लहान तुकडा वेगळा अंथरला, तर तेवढाच रोज बदलता येतो.

नवं फ्लीस लगेच अंथरू नका

नव्या कापडावर कारखान्यातलं फिनिश असतं, त्यामुळे पाण्याचे थेंब वरच मोत्यासारखे राहतात. वापरण्याआधी ते सॉफ्टनर न घालता तीन-चार वेळा धुवा. मग टॉवेलवर फ्लीस ठेवून त्यावर चमचाभर पाणी ओता. मिनिटाभरात पाणी खाली गेलं, तर कापड तयार. थेंब तसाच राहिला, तर पुन्हा धुवा. सॉफ्टनर लागलेलं जुनं फ्लीस सुधारलं का, हेही असंच तपासता येतं.

या चुका महागात पडतात

- ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करणं: यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मूत्राने भरलेल्या कापडावर थेट ब्लीच ओतलं, तर अमोनियाशी मिळून क्लोरामाइन वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात हे माणसालाही धोकादायक आहे.
- फिनाईलच्या पाण्यात बुडवणं: त्यातली रसायनं आणि उग्र वास कापडात राहतो आणि प्राणी दिवसभर त्यावरच लोळतो.
- धुतलेलं फ्लीस डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवणं: नॅप्थालीनची वाफ लहान प्राण्यांना घातक असते. कोरडी कापडी पिशवी पुरेशी आहे.

कपडे धुणारं घरात दुसरं कुणी असेल, तर हे त्यांनाही सांगून ठेवा. कुणीतरी प्रेमाने घातलेलं झाकणभर सॉफ्टनर सगळी मेहनत वाया घालवतं.

पावसाळ्यात काय करायचं?

जुलैत मुंबई-कोकणात कापड दोन दोन दिवस दमट राहतं. अर्धवट वाळलेलं फ्लीस अंथरण्यापेक्षा निदान तीन संच ठेवा: एक पिंजऱ्यात, एक दोरीवर, एक कपाटात. घरात स्टँडवर पसरून पंखा लावला की फ्लीस लवकर वाळतं. वेळ खालच्या थराला लागतो, म्हणून या दिवसांत जाड गोधडीऐवजी दोन पातळ टॉवेल वापरा. ओल्या, घाण कापडाकडे माश्या येतात आणि त्यांनी प्राण्याच्या अंगावर अंडी घातली, तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

सतत शिंका, नाकातून स्राव, श्वासाचा आवाज, तळव्यांवर जखम, मूत्रात रक्त किंवा खाणं बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्याकडे न्या. खाणं थांबलं असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. घरात उरलेलं माणसांचं अँटिबायोटिक कधीही देऊ नका. अमोक्सिसिलिनसारखी औषधं गिनीपिगच्या आतड्यांतले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यात त्याचा जीव जाऊ शकतो.

खरूज किंवा गजकर्ण झालं, तर नुसतं धुणं पुरणार नाही. उपचार सुरू असताना कापड रोज बदला आणि लेबलवर परवानगी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गजकर्ण माणसालाही होतं, म्हणून हातमोजे घाला.

आणि फ्लीस नीट धुतलंय का, हे ओळखायची सोपी खूण? हाताचा मागचा भाग कापडावर दहा सेकंद दाबून ठेवा. हात कोरडा राहिला आणि कापडाला कसलाच वास आला नाही, ना मूत्राचा ना फुलांचा, तर तुमचा गिनीपिग त्यावर निवांत झोपू शकतो.