शवविच्छेदन कोणी करावे?

‘मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठविण्यात आला असून अहवालाची प्रतीक्षा आहे.’ वर्तमानपत्रातले हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यामागचा एक साधा प्रश्न सहसा सुचत नाही. हा अहवाल लिहिणारी व्यक्ती कोण असते? त्यासाठी कोणते शिक्षण लागते? आणि अशा व्यक्तींची काही अधिकृत यादी असते का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी यादी आहे. संशयास्पद मृत्यूची तपासणी करणाऱ्या वैद्यकतज्ज्ञांची नोंदवही तेथील गृहखाते ठेवते. नुसती वैद्यकीय पदवी असून या नोंदवहीत नाव लागत नाही. या विषयातले खास प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक असतात. आपल्याकडे मात्र केवळ न्यायवैद्यक तज्ज्ञांची अशी वेगळी सरकारी नोंदवही नाही. असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते शोधायला वसई-विरार ही चांगली जागा आहे.

एक रेल्वेमार्ग, दोन पद्धती

1867 साली विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत रेल्वेगाडी धावू लागली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलीस कायदा झाला. गावात कोणाचा अकस्मात किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला, तर काय करावे हे त्यात सांगितले होते. पोलीस पाटलाने गावातील किंवा शेजारची दोन किंवा अधिक समंजस माणसे जमवावीत, मृत्यूचे कारण व परिस्थिती पाहावी आणि अहवाल लिहावा. घातपात दिसला, तर प्रेत सिव्हिल सर्जन किंवा सरकारने नेमलेल्या दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे. मात्र याला एक अट होती : वाटेत प्रेत कुजण्याचा धोका नसेल तर!

वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि सिव्हिल सर्जन ठाण्याला. मध्ये वसईची खाडी. वैशाखातल्या उकाड्यात एखादे प्रेत अर्नाळ्याहून किंवा आगाशीहून ठाण्याला न्यायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. कायद्यातली ती छोटीशी अट किती महत्त्वाची होती, ते लगेच ध्यानात येईल.

याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच पद्धत होती. 1871 च्या कायद्यानुसार मुंबई व कलकत्ता या शहरांत कॉरोनर हा अधिकारी असे. इंग्लंडमध्ये या पदाचा उगम 1194 सालापर्यंत मागे जातो. कॉरोनर ज्यूरी बसवून उघडपणे चौकशी करी, साक्षी घेई आणि डॉक्टरांकडून शवविच्छेदन करवून घेई. म्हणजे विरारला गाडीत चढलेला एखादा प्रवासी मुंबई शहरात पोहोचल्यावर दगावला, तर त्याच्या मृत्यूची चौकशी कॉरोनर करणार. घरून निघण्यापूर्वीच दगावला, तर पोलीस पाटील आणि गावातले पंच.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट मात्र समान होती. मृत्यूचे कारण सांगणाऱ्या डॉक्टरने या विषयाचा वेगळा अभ्यास केलेला असावा, अशी अट कोठेच नव्हती. कायदा विचारत होता तो हुद्दा. ज्ञानाविषयी त्यात प्रश्नच नव्हता.

उकाडा आणि पुस्तके

ज्ञानाची गरज नव्हती असे मात्र नाही. मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे शिकणाऱ्यांच्या हाती पुस्तके असत ती विलायतेची. मृत्यूनंतर शरीर केव्हा ताठरते, केव्हा सैल पडते, कुजणे केव्हा सुरू होते, यांचे त्या पुस्तकांतले तास थंड हवेतले होते. कुजणे म्हणजे अखेर जिवाणूंनी व विकरांनी घडविलेल्या रासायनिक क्रियाच. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. लंडनच्या हिवाळ्यातले कोष्टक वसईच्या मे महिन्यात लावले, तर मृत्यूची वेळ चुकणार. आणि वेळ चुकली की निरपराध माणूस अडकू शकतो किंवा अपराधी सुटू शकतो.

म्हणून येथील अनुभवावर आधारलेली पुस्तके लिहिली गेली. 1856 साली नॉर्मन चेव्हर्स यांचे बंगाल व वायव्य प्रांतासाठीचे पुस्तक निघाले. मुंबईत आयसिडोर लायन यांनी ते काम केले. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते, शिवाय सरकारचे रासायनिक विश्लेषकही. त्यांचे पुस्तक 1880 च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. पुढे 1920 साली जयसिंग मोदी यांचा ग्रंथ आला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही न्यायालयांत हाती घेतल्या जातात.

बाटलीतला पुरावा

लायन एकाच वेळी रसायनतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक शिक्षक होते, हा योगायोग नव्हता. त्या काळच्या घातपातांत सोमल, अफू आणि धोतरा ही विषे वारंवार आढळत. सोमल म्हणजे आर्सेनिकचे संयुग. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने प्रेत कुजले तरी ते नाहीसे होत नाही. 1836 साली जेम्स मार्श यांनी शोधलेल्या कसोटीने त्याचा अल्प अंशही पकडता येऊ लागला. धोतऱ्यातली विषारी द्रव्ये मात्र सेंद्रिय. ती शोधणे फार अवघड.

मुंबईत 1870 साली सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा सुरू झाली. तालुक्याच्या गावी डॉक्टरने जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बाटल्यांत भरायचे, सील लावायचे आणि तिकडे पाठवायचे. यालाच आपण ‘व्हिसेरा राखून ठेवणे’ म्हणतो. त्यासाठी आजही बहुधा मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. लोणचे टिकण्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते : जास्त मिठाच्या पाण्यात जिवाणू तग धरू शकत नाहीत. संग्रहालयातले नमुने ठेवायला वापरतात ते फॉर्मॅलिन येथे चालत नाही, कारण त्याने विष शोधणे कठीण होते.

अशा रीतीने बाटलीतला पुरावा तज्ज्ञाकडे जाऊ लागला. पण बाटली भरण्याआधी जे डोळ्यांनी पाहायचे असते, ते मात्र जवळच्या डॉक्टरवरच सोपवलेले राहिले.

नोंदणी आली, पण कशाची?

डॉक्टरांच्या नोंदणीत मुंबई इलाखा देशात आघाडीवर होता. 1912 च्या कायद्याने येथे वैद्यक परिषद स्थापन झाली. पुढे 1965 साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा आला. पण ही नोंदणी ‘हा डॉक्टर आहे’ एवढे सांगते. उच्च पदवी मिळाल्यास तिचीही नोंद होते, तथापि शवविच्छेदनासाठी ती असलीच पाहिजे असे नाही.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 मध्ये जुनीच भाषा राहिली : प्रेत जवळच्या सिव्हिल सर्जनकडे किंवा राज्य सरकारने नेमलेल्या पात्र वैद्यकीय व्यक्तीकडे पाठवावे. 1999 साली मुंबईचे कॉरोनर पद रद्द झाले आणि शहरातही ग्रामीण भागाचीच पद्धत लागू झाली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्येही ती तरतूद कायम आहे.

न्यायालयाची कसोटी निराळी आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 नुसार, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 नुसार, तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात विशेष कुशल असलेली व्यक्ती. म्हणजे वैद्यक परिषद पदवी पाहते, सरकार नेमणूक पाहते आणि न्यायालय कौशल्य पाहते. हे तिन्ही एकाच ठिकाणी असतीलच, असे नाही.

आज तज्ज्ञ व्हायचे तर

मार्ग असा आहे : बारावीला विज्ञान, मग नीट परीक्षा, एम.बी.बी.एस. आणि आंतरवासिता. त्यानंतर वैद्यक परिषदेकडे नोंदणी. मग पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन न्यायवैद्यक व विषशास्त्र या विषयात तीन वर्षांची एम.डी. या पदवीचीही परिषदेकडे नोंद करायची. ही झाली तज्ज्ञ होण्याची वाट. नुसते शवविच्छेदन करण्यासाठी मात्र एम.बी.बी.एस. आणि सरकारी नेमणूक पुरते.

याने काय बिघडते? एक उदाहरण पाहू. मृत्यूनंतर रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या भागात उतरते आणि तेथील त्वचा जांभळट दिसू लागते. अननुभवी डोळ्याला तो मुका मार वाटू शकतो. जाणकार तेथे छेद घेऊन पाण्याने धुऊन पाहतो. नुसते साचलेले रक्त धुऊन निघते. माराने ऊतींत मुरलेले रक्त निघत नाही. तपासणी दोन मिनिटांची, पण तिच्यावर खुनाचा आरोप टिकतो किंवा गळून पडतो. आणि अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर पुन्हा पाहायला काही उरत नाही.

2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक होती. पोलीस पाटलाने दोन समंजस माणसे जमवायची ती वसई आता उरलेली नाही. प्रेत ठेवायला शीतगृहे आहेत, तरी वाटेत कुजण्याची अट कायद्यात अजूनही आहे. पुरेसा उजेड व सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने 2021 साली परवानगी दिली; मात्र खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली. साधने आणि नियम काळाबरोबर बदलले. ‘कोणी करावे?’ या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर मात्र मुळात 1867 चेच आहे.

वर्गात हा विषय निघाला, तर विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवता येईल. जिवंत माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची तर आपण त्या विषयातला तज्ज्ञ शोधतो. मग जो स्वतः काहीच सांगू शकत नाही, त्याच्या वतीने बोलणारा तज्ज्ञ असावा, असा आग्रह आपण का धरत नाही?