कामात मन असणे : एका प्रश्नाचा मराठी इतिहास

‘तुम्हाला तुमचे काम आवडते का?’ हा प्रश्न आज नोकरीच्या मुलाखतीत आणि घरगुती गप्पांत सारख्याच सहजतेने विचारला जातो. या सहजतेमागे एक गृहीतक आहे. काम माणसाने स्वतः निवडलेले असते आणि न आवडल्यास ते सोडण्याची मोकळीक त्याला असते, असे आपण धरून चालतो. मराठी समाजात हे गृहीतक फार थोड्यांना आणि फार उशिरा लागू झाले. कामात मन लागणे किंवा न लागणे ही आपण व्यक्तीच्या स्वभावातली गोष्ट समजतो. इतिहास मात्र ती परिस्थितीतली गोष्ट असल्याचे दाखवतो. प्रस्तुत लेखात हे म्हणणे काही प्रसंगांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न आहे.

कामाच्या सार्थकतेचा विषय निघाला की मराठीचा अध्यापक प्रथम संतांकडे वळतो. अरणचा सावता माळी मळ्यात विठ्ठल पाहतो, तेरचे गोरोबा चिखल तुडवताना नामात रंगतात, नरहरी सोनार आणि सेना न्हावी आपापल्या हत्यारांतून परमार्थाची भाषा घडवतात. परंपरा तर असेही सांगते की सावता पंढरीला गेलाच नाही. विठ्ठलच त्याच्या मळ्यात आला. वर्गात हे शिकवताना आपण ‘कर्म हीच पूजा’ असा सारांश लिहून मोकळे होतो. परंतु सावत्याच्या या भूमिकेत जे धाडस आहे ते या सारांशात हरवते. देवापर्यंत पोहोचण्यासाठी मळा सोडण्याची गरज नाही, म्हणजेच पुरोहिताची आणि त्याच्या विधींचीही गरज नाही, असे एक कष्टकरी माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता. कामाला अर्थ देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला होता.

याच संतमेळ्यात मंगळवेढ्याचे चोखोबा आहेत. त्यांच्या नावावर ‘जोहार’ प्रकारच्या रचना सांगितल्या जातात. महाराने गावच्या धन्याला करायचा नमस्कार त्यांत विठ्ठलाला केला जातो. कामाची परिभाषा येथेही आहे. पण सावत्याच्या मळ्यात जी तृप्ती आहे ती येथे शोधून सापडत नाही. उष्ट्यावर जगण्याची वेदना मात्र वारंवार भेटते. चोखोबांचा शेवटही कामावरच झाला. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली ते इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. हे वर्ष १३३८ मानले जाते. एकाच पंथात, एकाच दैवतासमोर उभ्या असलेल्या या दोन कवींच्या अनुभवांतील अंतर भक्तीच्या कमी-अधिकपणाने स्पष्ट होत नाही. ते कामाच्या स्वरूपातले अंतर आहे. एकाच्या कष्टाला पिकाचे रूप दिसत होते. दुसऱ्याचे कष्ट ज्या कुसाला लागले, त्या कुसाच्या आत त्याला घर नव्हते.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार चित्र रेखाटले, त्यावरून या व्यवस्थेची रचना आपल्याला कळते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांची कामे जन्माने ठरलेली आणि मोबदला सुगीच्या धान्यात. त्यात काही कारागिरांना कौशल्याचा अभिमान बाळगता येत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. महार वतनाची गोष्ट वेगळी होती. सरकारी निरोप पोहोचवणे, अंमलदारांची ओझी वाहणे, गावच्या शिवेची माहिती ठेवणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी ही न संपणारी यादी होती. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. बोलावणे आले की निघायचे, आणि एकाला जमले नाही तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनासंबंधी सुधारणेचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने नाहीशी होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

आपल्या प्रश्नाची सर्वांत नेमकी मांडणीही आंबेडकरांचीच आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी तयार केलेले अध्यक्षीय भाषण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे होऊ शकले नाही, आणि १९३६ साली त्यांनी ते स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमविभागणी, या समर्थनाला त्यात दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : ही श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. याच विवेचनात पुढे आलेला मुद्दा मात्र आपण फारसा शिकवत नाही. जे काम माणसाच्या कलाने किंवा निवडीने ठरत नाही, ज्याला समाजाने हीन ठरवले आहे, त्या कामाबद्दल करणाऱ्याच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो आणि ते टाळण्याची वृत्ती बळावते. हृदय आणि बुद्धी दोन्ही ज्यात नाहीत अशा कामात कार्यक्षमता कोठून येणार, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. येथे कामाची आवड हा नैतिक उपदेशाचा विषय राहत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा विषय होतो. माणूस कामचुकार का होतो, याचे कारण आंबेडकर त्याच्या स्वभावात न शोधता व्यवस्थेत शोधतात.

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा एक रस्ता मुंबईकडे जात होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीपासून मुंबईत कापडगिरण्यांचा काळ सुरू झाला. रत्नागिरी, सातारा आणि इतर भागांतून माणसे आली. गिरणीत जन्म विचारला जाणार नाही, अशी आशा होती. ती अर्धीच खरी ठरली. तुलनेने अधिक मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाशी येणार, म्हणून विटाळ, असे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी ही बंदी दूर करण्याची मागणीही मागण्यांमध्ये असावी, असा आग्रह आंबेडकरांनी धरला. यंत्र नवे होते. ते कोणी चालवायचे हे ठरवणारी रूढी मात्र जुनी होती.

गिरणीतल्या कामाचा दुसरा प्रश्न वेळेचा होता. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. प्रौढांच्या कामाला त्यात मर्यादा नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार केले, त्यातील मागण्या आज वाचण्यासारख्या आहेत : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नको, वेतन वेळेवर मिळावे, काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. एप्रिल १८९० मध्ये झालेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात तिला स्थान मिळाले.

या मागण्यांत काम आनंददायी करावे असे कोठेही म्हटलेले नाही. कामगारांनी मागितला तो कामाबाहेरचा वेळ. तरीही माझ्या मते कामाच्या अर्थाच्या इतिहासात हे निवेदन संतांच्या अभंगांइतकेच महत्त्वाचे आहे. ज्याला स्वतःचा असा एकही दिवस नाही, त्याला आपल्या कामाकडे अंतरावरून पाहता येत नाही; आणि असे पाहता आल्याशिवाय ते आवडते की नाही, हेही ठरवता येत नाही. रविवारच्या सुट्टीने गिरणगावात भजनी मंडळ, तालीम, सभा, तमाशा आणि वाचन यांना जागा दिली. याच गिरणगावाने पुढे अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांसारखे लेखक पाहिले. सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि नंतर ते शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहातील कवितेत श्रमाचा अभिमान आहे आणि श्रमाने केलेल्या पिळवणुकीची चीडही आहे. समीक्षेने पुष्कळदा पहिल्याचा गौरव केला आणि दुसरीला घोषणा म्हटले. वस्तुतः या दोन्ही एकाच अनुभवाच्या बाजू आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कामे मात्र गेली. खात्यातली उष्णता, कापसाची छातीत बसणारी धूळ, कानठळ्या बसवणारा आवाज यांपैकी कशावरही कोणाचे प्रेम असणे शक्य नव्हते. तरी जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकातले घर पाहिले की काम गेल्यावर काय काय जाते ते कळते. पाळीने बांधलेला दिवस जातो, गावी पाठवायचे पैसे जातात, मुलांसमोरचा शब्द जातो. कामाचा अर्थ धागा जोडण्याच्या क्रियेत फारसा नव्हता. त्या क्रियेभोवती माणसांनी जे जग उभे केले होते, त्यात तो होता. न आवडणाऱ्या कामातही सार्थकता असू शकते, हे या इतिहासाने दाखवले. ती सार्थकता मालकाने दिलेली नव्हती, म्हणून गिरणी बंद करताना तिचा हिशेब कोणी केला नाही.

‘काम हीच पूजा’ हे वाक्य कोण उच्चारतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. सावता माळी ते उच्चारतो तेव्हा ती मुक्तीची घोषणा असते. तेच वाक्य कामाची वाटणी करणाऱ्याच्या तोंडी आले की त्याचे रूपांतर आज्ञेत होते. मराठीचे एम. ए. झालेले अनेक तरुण आज महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतात. मोबदला शिकवलेल्या तासांपुरता, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. त्यांना साहित्याची आवड आहे यात शंका नाही. पण ‘आवड आहे म्हणून तर करता ना?’ असे जेव्हा त्यांना ऐकवले जाते, तेव्हा त्या आवडीचीच किंमत त्यांच्या मोबदल्यातून वजा केलेली असते. अशा अध्यापकाने वर्गात सावत्याचा अभंग शिकवताना त्याच तासाला चोखोबांचा जोहारही शिकवावा आणि लोखंड्यांचे निवेदनही वाचून दाखवावे. आवडीने केलेल्या कामालाही वेळेवर वेतन लागते, हे १८८४ सालच्या कामगारांना पुरते ठाऊक होते.