शिक्कामोर्तब ते ओटीपी : ‘वाचून दाखविले’ ही ओळ गेली कुठे?

पोस्ट लांब आहे. पण घरातल्या कुणाचा ऑनलाइन फॉर्म दुसरा कुणी भरून देत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या कॅम्प नंबर चारमधल्या एक मावशी. जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायचं काम घरी आणतात. मुलगा रिक्षा चालवतो. एका सरकारी योजनेची ई-केवायसी करायला त्या ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाटीच्या दुकानात गेल्या. पोराने विचारलं, “मावशी, घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?” मावशी म्हणाल्या, “नाही रे बाबा, कुठली सरकारी नोकरी!” त्याने ‘नाही’वर क्लिक केलं. मग म्हणाला, “ओटीपी आला असेल, सांगा.” मावशींनी फोनच त्याच्या हातात दिला. पन्नास रुपये झाले.

दोन महिन्यांनी हप्ता थांबला. मावशी माझ्याकडे आल्या, तेव्हा मी तो फॉर्म उघडून वाचला. स्क्रीनवर प्रश्न नव्हताच, विधान होतं : माझ्या कुटुंबातील कोणीही शासकीय सेवेत कायम कर्मचारी नाही. पुढे होय किंवा नाही. या विधानाला ‘नाही’ म्हटलं की अर्थ उलटा. म्हणजे रिक्षावाल्याच्या आईने स्वतःच्या ओटीपीने लिहून दिलं, की आमच्या घरात सरकारी नोकर आहे!

त्या पोराने फसवलं नाही. मावशी खोटं बोलल्या नाहीत. मग चुकलं कोण? या प्रश्नामुळे मी सहीच्या इतिहासात शिरलो.

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज बातमीत वापरतो. मूळ अर्थ अगदी कामाचा आहे. शिवकालीन पत्रात वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटच्या मुद्रेवर ‘मर्यादेयं विराजते’ असं आहे. पत्राची मर्यादा इथे संपली. त्याखाली कुणी एक ओळ घुसडली, तरी ती कळणार. शिक्का सांगतो कागद कुणाचा, मोर्तब सांगतं मजकूर किती.

पण ही सोय दरबाराची. गावातल्या माणसाला लिहिता येत नव्हतं. त्याची सही म्हणजे त्याच्या कामाचं चित्र. जुन्या महजरांत ‘निशाणी नांगर’ दिसते, बलुतेदारांच्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या दिसतात.

मग आला अंगठा. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू सरळ होता : उद्या हा ‘सही माझी नाही’ म्हणायला धजावू नये. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घेणं सुरू केलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं सरकारी कार्यालय उघडलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ठसा आला तो सही करणाऱ्याला बांधून ठेवायला. त्याला कागद समजला का, हे ठशाला कळत नाही.

आता आपल्या गावात येऊ. ब्रिटिशांचा लष्करी कल्याण कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन मिळालेलं नाव, उल्हासनगर. हे शहर बराकींइतकंच अर्जांवरही उभं राहिलं. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादाराच्या दाव्यांसाठी १९५० चा कायदा, भरपाईसाठी १९५४ चा. सिंधी घरांत ‘क्लेम’ हा शब्द आजोबांच्या नावासोबत येतो. ही माणसं सिंधी लिहायची ती अरबी वळणाच्या लिपीत, आणि दिल्लीचा कारभार चालायचा इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याचा क्लेम दुसऱ्याने लिहायचा आणि याने खाली सही करायची. पुढे त्यातून सनदा आल्या आणि मागोमाग ‘बोगस सनद’ हा शब्दही आला. ‘मेड इन यूएसए’ म्हणून आपली चेष्टा होते ना? मग अस्सल आणि नकलेतला फरक आपल्याला तरी कळायला पाहिजे!

हाच फरक दाखवायचं गणित १९७० च्या दशकात सापडलं. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी कल्पना मांडली, १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती करून दाखवली. दोन किल्ल्या असतात. एक फक्त सही करणाऱ्याकडे, दुसरी जगजाहीर. पहिलीने सही करायची, दुसरीने कुणीही ती तपासायची. सही केल्यावर मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं, तरी तपासणी फेल. म्हणजे शिक्का आणि मोर्तब एकाच फटक्यात. १७ ऑक्टोबर २००० ला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि अशा सहीला हातच्या सहीचा दर्जा मिळाला. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांतल्या शेतकऱ्याचा तलाठ्याच्या सहीसाठीचा हेलपाटा त्याने वाचवला. हे चांगलंच झालं, यात वाद नाही. तरी ‘शिक्का कुठाय?’ म्हणणारे कारकून अजून भेटतात. त्यांना सांगा, प्रिंट बघू नका, त्यावरचा पडताळणी क्रमांक ऑनलाइन टाकून बघा.

मावशींचा ओटीपी मात्र तितकी पक्की सही नाही. आधारच्या ओटीपीवर कायद्याने चालणारी ई-साइन २०१५ पासून मिळते. पण बऱ्याच फॉर्ममध्ये ओटीपी फक्त ओळख पटवतो आणि संमती नोंदवतो. मावशींना या फरकाचा उपयोग शून्य. आकडे सांगितले की त्या बांधल्या गेल्या.

मी वीस वर्षं कोर्ट-पोलिसांच्या बातम्या करतोय. पोलिसांच्या जबाबाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : ‘माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ जुन्या दस्तांत अंगठ्याशेजारी लिहिणाऱ्याचं नावही असायचं. कागद कुणी लिहिला, हे कागदच सांगायचा. कबूल, या ओळी कित्येकदा नुसत्या खरडल्या जायच्या. पण ओळ होती म्हणून वकील उलटतपासणीत विचारू शकायचा, “खरंच वाचून दाखवलं होतं का?”

ऑनलाइन फॉर्मने कुलूप भक्कम केलं आणि या दोन्ही ओळी काढून टाकल्या. मावशींचा फॉर्म दुकानातल्या पोराने भरला, याची त्यात कुठेही नोंद नाही. सरकारच्या लेखी फॉर्म मावशींनीच भरला, स्वतः वाचून. आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून ज्यांना हसत होतो, त्यांच्या अंगठ्याला निदान कागदावर एक साक्षीदार तरी होता.

म्हणून मागणी साधी आहे. एक, ओटीपी मागण्याआधी भरलेला फॉर्म मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारं बटण असावं. दोन, दुसऱ्याने भरला असेल तर त्याचं नाव आणि नंबर फॉर्मवर यावा. तीन, नकारार्थी विधानापुढे होय-नाही ठेवायचं बंद करा. सरळ विचारा : घरात सरकारी नोकर आहे का? आणि चार, चुकलेलं उत्तर दुरुस्त करायची खिडकी उघडी ठेवा.

तोवर आपण काय करायचं? शेजारच्या मावशी, आजी, काका फॉर्म भरायला निघाले तर सोबत जा. ओटीपी सांगायच्या आधी पोराला म्हणा, “बाळा, एकदा सगळं वाचून दाखव.” पाच मिनिटं लागतात.

मावशींनी दुरुस्तीचा अर्ज दिलाय. या वेळी हाताने लिहिलेला. तो मी लिहिला, त्यांना दोनदा वाचून दाखवला, आणि खाली लिहिणारा म्हणून माझं नाव टाकलं. मावशींनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावत. उत्तर अजून यायचंय.