बोलपटाचा वॅट, गाण्याचा वॅट

घरात सिनेमाही पाहायचा आणि गाणेही मनापासून ऐकायचे, तर अॅम्प्लिफायर कोणता घ्यावा? या प्रश्नाला दुकानात ठरलेले उत्तर मिळते: सिनेमाचा वेगळा, गाण्याचा वेगळा. एकाला दणका हवा, दुसऱ्याला गोडवा, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. हे उत्तर इतके रुजले आहे की ते विजेच्या शास्त्रातूनच आले असावे असे वाटते. पण अॅम्प्लिफायरचा इतिहास पाहिला तर ही दुफळी अलीकडची आहे आणि ती प्रयोगशाळेत नव्हे, बाजारात पडलेली आहे. त्याआधीची जवळपास साठ वर्षे बोलपटाचे आणि गाण्याचे यंत्र एकाच घराण्यातले होते.

त्या घराण्याचा मूळपुरुष तर तिसराच, म्हणजे टेलिफोन. दूरच्या तारेवरून बोलणे पोहोचवायचे तर वाटेत ठिकठिकाणी आवाज वाढवावा लागे आणि प्रत्येक टप्प्यावर तो थोडा थोडा फाटत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत हॅरॉल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याला त्यावरचा उपाय सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने तो मांडला: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्राची चूक यंत्रच कापून काढते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द जॅझ सिंगर’ पडद्यावर बोलू आणि गाऊ लागला, तो याच बेल-वेस्टर्न इलेक्ट्रिक परिवाराने घडवलेल्या यंत्रणेवर. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३३ मध्ये ३००ए आणि १९३८ मध्ये ३००बी हा व्हॉल्व्ह काढला. मधे फुगीर, वर निमुळती अशी काचेची कुपी, आत तापून लालसर झालेली तार. छोट्या थिएटरांतल्या ‘९१’ या अॅम्प्लिफायरमध्ये ३००ए असा एकटाच काम करी आणि त्यातून जेमतेम आठ वॅट निघत. आठ वॅटमध्ये थिएटर कसे भरे? तर पडद्यामागच्या प्रचंड कर्ण्यांमुळे. ते एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबलच्याही पुढे जात. आजचा घरगुती स्पीकर ८७च्या आसपास थांबतो. या तेरा डेसिबलच्या फरकाचा अर्थ वीसपट ताकद. म्हणजे त्या आठ वॅटचे काम आज आपल्या दिवाणखान्यातल्या स्पीकरकडून करून घ्यायला १६० वॅट लागतील. आणि सिनेमासाठी जन्मलेला हा ३००बी आज कुठे आहे? जगभरच्या गाणे ऐकणाऱ्या शौकिनांच्या घरी. जपानी रसिकांनी तो थिएटरांच्या अडगळीतून उचलला, आणि केवळ संगीतासाठी तो आजही नव्याने बनतो.

आपल्याकडे तर सिनेमा आणि गाणे यांची फारकत मुळात झालीच नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, त्यात सात गाणी होती. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचे. पहिल्या दिवसापासून पडद्यामागच्या कर्ण्याने संवादही म्हटले आणि सूरही लावला. ‘सिनेमाचे यंत्र गाण्याला चालत नाही’ हे वाक्य त्या प्रेक्षकांपुढे कोणाला उच्चारता आले नसते.

घरातल्या ध्वनीचा पाया १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसनने ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापलेल्या पंधरा वॅटच्या आराखड्याने घातला. त्याचा कणा ब्लॅकची तीच फेरीबोटीतली कल्पना होती. पुढे स्टिरिओ आला, ट्रान्झिस्टर आले, आणि वॅटच्या आकड्यांची चढाओढ इतकी बेबंद झाली की १९७४ मध्ये अमेरिकी सरकारला नियम करावा लागला: यंत्र आधी तासभर एकतृतीयांश ताकदीवर तापवा, मग मोजा आणि तोच आकडा छापा. तसा नियम नसला की काय होते, हे १९९०च्या दशकात आपण अनुभवले. हातात उचलता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या शिखराचे, शेकडो वॅट छापून गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक होत होती. अमेरिकी नियमातही एक भगदाड राहिले. तो दोन चॅनेलच्या जमान्यात लिहिलेला होता. १९८२ मध्ये मागूनही आवाज देणारा डॉल्बी सराउंड घरच्या व्हिडिओपर्यंत आला, १९८७ मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती प्रोलॉजिक, आणि १९९०च्या दशकात डीव्हीडीबरोबर पाच स्वतंत्र चॅनेल. आता ‘रिसिव्हर’ नावाच्या एकाच डब्यात पाच-सात अॅम्प्लिफायर, पण त्या सगळ्यांना पोसणारा ट्रान्सफॉर्मर एकच. पुठ्ठ्यावरचा आकडा मात्र बहुधा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेला. सातही एकदम बोलू लागले की तो आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. रिसिव्हरवर गाणे ‘कोरडे’ वाजते ही तक्रार इथून सुरू झाली. दोष सिनेमाचा नव्हता, वाटणीचा होता.

यावर आक्षेप येईल की स्फोट आणि तबला यांची भूक सारखी कशी? हिशेब करून पाहू. ८७ डेसिबलचा स्पीकर, तीन मीटरवर बसलेला श्रोता: एका वॅटला त्याच्या कानाशी साधारण ८० डेसिबल पोहोचतात. गाण्याची सरासरी पातळी ७५ धरली, तर त्याला एकतृतीयांश वॅट पुरतो. पण तबल्याची खणखणीत थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उडी मारते आणि त्या क्षणापुरते तीस-बत्तीस वॅट लागतात. आता सिनेमा. थिएटरच्या प्रमाण पातळीवर मुख्य चॅनेलचे शिखर १०५ डेसिबल असते, त्याला तीनशेहून जास्त वॅट हवेत. मात्र फ्लॅटमध्ये त्या पातळीवर सिनेमा कोणी लावत नाही. दहा डेसिबल खाली आणला की शिखर ९५, म्हणजे पुन्हा तेच तीस-बत्तीस वॅट. आणि जमीन हादरवणारा खर्ज बहुतेक घरांत सबवूफरचा स्वतःचा अॅम्प्लिफायर सांभाळतो. एका स्पीकरपुरते पाहिले तर दोघांची भूक जवळजवळ एकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. १९७८ मध्ये क्वाड कंपनीचे तीन अॅम्प्लिफायर कोणता वाजतोय हे न सांगता ऐकवले गेले: १९५३चा व्हॉल्व्हवाला, १९६७चा आणि १९७५चा ट्रान्झिस्टरवाले. अनुभवी श्रोत्यांनाही ते खात्रीने ओळखता आले नाहीत. मग वेगळ्या अॅम्प्लिफायरवर खर्च कशाला? ही चाचणी मला पूर्ण मान्य आहे, आणि ती माझ्याच बाजूने बोलते. ते तिन्ही अॅम्प्लिफायर आपापल्या ताकदीच्या आत, आवाज फाटू न देता चालवले होते. मर्यादेच्या आत सगळे सारखे, हे खरेच. प्रश्न मर्यादा कुठे येते हा आहे, आणि ती ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ठरवतात, पाटीवरचे ‘म्युझिक’ किंवा ‘सिनेमा’ हे शब्द नव्हेत. म्हणून छोट्या खोलीत, सोप्या भाराच्या स्पीकरना एक बरा रिसिव्हर दोन्ही कामांना पुरतो. चार ओमपर्यंत उतरणारे, वीज पिणारे स्पीकर असतील तर समोरच्या दोघांना स्वतंत्र स्टिरिओ अॅम्प्लिफायर द्यावा आणि रिसिव्हरच्या प्री-आउटमधून, म्हणजे ताकद न वाढवलेला आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, तो जोडावा. अॅम्प्लिफायरवर ‘बायपास’ इनपुट असले की सिनेमाच्या वेळी आवाजाची चावी रिसिव्हरकडेच राहते आणि गाण्याच्या वेळी रिसिव्हर बंदच ठेवता येतो. खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा पुठ्ठा बाजूला ठेवून यंत्र पाठमोरे करा. स्वस्त रिसिव्हरमध्ये खर्च वाचवताना सर्वांत आधी गाळतात ती प्री-आउटची ती छोटी गोल भोके.