दक्षिणा निधी
मराठेशाहीत श्रावण महिन्यात पुणे येथे ब्राह्मणांना वाटण्यात येणाऱ्या दक्षिणेतून उद्भवलेला व पुढे ब्रिटिश अमदानीत विद्याभ्यास, ग्रंथनिर्मिती आणि संशोधन यांच्याकडे वळविण्यात आलेला सरकारी निधी. दक्षिणा हा मूळचा यज्ञकर्मातील शब्द. ऋत्विजांना यजमानाने द्यावयाचे धन म्हणजे दक्षिणा. विद्या संपादन झाल्यावर शिष्य गुरूला जे अर्पण करतो, त्यालाही हीच संज्ञा आहे. दोन्ही अर्थांत देणारा ऋणी असतो व घेणारा अधिकारी असतो. पुण्याच्या दक्षिणेचा इतिहास हा वस्तुतः हा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला सुमारे दीडशे वर्षांत मिळालेल्या वेगवेगळ्या उत्तरांचा इतिहास होय. याच काळात महाराष्ट्रात धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, व्याकरण आणि इतिहास या विषयांतील विद्वत्तेचे स्वरूपही पालटले आणि त्या पालटाच्या प्रत्येक टप्प्यावर या निधीचा संबंध आढळतो.

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे श्रावणमासात दक्षिणा वाटण्याचा प्रघात सुरू केला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा पुत्र त्रिंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारला गेला आणि त्यानंतर हे दानकर्म पेशव्यांकडे येऊन पुण्यास होऊ लागले. नानासाहेब पेशव्याच्या काळात दक्षिणेचा खर्च लाखोंच्या घरात गेला. कोकण, कर्नाटक, तेलंगण, काशी अशा दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येत आणि पर्वतीच्या पायथ्याजवळील रमण्यात त्यांना दक्षिणा मिळे. येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना थोडीफार रक्कम सरसकट दिली जाई. वैदिक व शास्त्री यांची मात्र परीक्षा होई आणि गुणवंतांना अधिक दक्षिणा व शालजोडी मिळे. या परीक्षेमुळे दानधर्माच्या पोटात विद्वत्तेची एक सार्वजनिक कसोटी तयार झाली. अमुक एका शास्त्र्याने पुण्यास मान मिळविला, ही गोष्ट त्याच्या गावी पाठशाळा चालविण्यास पुरेशी ठरे. थोरल्या माधवरावाच्या व नंतर नाना फडणीसाच्या कारकीर्दीत या कामावर रामशास्त्री प्रभुणे यांची देखरेख असे. रामशास्त्र्यांचे विद्या न शिकलेले बंधू दक्षिणेस आले असता, त्यांना इतर अविद्वानांइतकीच रक्कम द्यावी, भावाचे नाते मी घरी पाहीन, असे त्यांनी नानास सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, दक्षिणा विद्येस की जन्मास, हा प्रश्न त्या काळीच लोकांच्या मनात होता, एवढे तिच्यावरून दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी दक्षिणेचा थाट कायम राहिला, पण कसोटीचा कस मात्र पूर्वीचा राहिला नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दक्षिणेवर किती कुटुंबे अवलंबून आहेत आणि ती एकदम बंद केल्यास शास्त्री-पंडितांचा प्रभावी वर्ग किती दुखावेल, याची माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यास पूर्ण जाणीव होती. त्याने दक्षिणा बंद केली नाही. वार्षिक सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत आटोपती घेतली आणि ती विद्वत्तेपुरती मर्यादित करण्याचे धोरण ठेवले. यात राजकारण होते, तसे विद्येविषयीचे कुतूहलही होते; एल्फिन्स्टनच्या बाबतीत ही दोन वेगळी काढणे अवघड आहे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन याने पुण्याच्या विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज उघडले. लोक त्यास संस्कृत पाठशाळा म्हणत. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, अलंकार, वैद्यक व वेद हे तेथील विषय होते. अध्यापक शास्त्री होते, विद्यार्थी ब्राह्मण होते आणि त्यांना दरमहा वेतन मिळे. अभ्यासपद्धती जुनीच होती : ग्रंथाची संथा घ्यावयाची, मूळ मुखोद्गत करावयाचे, टीका गुरुमुखातून ऐकावयाची आणि सहाध्यायांशी वाद करून तिचा अर्थ पक्का करावयाचा. मात्र गुरुगृहाच्या ओसरीवर चालणाऱ्या या अध्ययनाला आता हजेरीपट, ठराविक मुदत व सरकारी परीक्षा यांची चौकट आली. ही चौकट शास्त्र्यांना रुचली नाही, अशी समजूत आहे. परंतु त्यांतील पुष्कळांनी ती फारशी कुरकुर न करता स्वीकारली, असेच पुढील इतिहासावरून दिसते.

१८३० नंतर वातावरण बदलले. कलकत्त्याप्रमाणे मुंबई सरकारातही ‘उपयुक्त’ शिक्षणाचा आग्रह वाढला. १८३७ च्या सुमारास पाठशाळेची व्यवस्था मेजर टॉमस कँडी याच्याकडे आली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) सिद्ध करण्यात सहभागी असलेला कँडी मराठी उत्तम जाणत होता आणि पाठशाळेतील शास्त्री व विद्यार्थी यांनी मराठी गद्य लिहावे, असा त्याचा प्रयत्न असे. त्याच दशकात दक्षिणेच्या यादीत नवी नावे न घालण्याचे धोरण ठरले. जुने दक्षिणाधारक निवर्तत गेले तशी रक्कम शिल्लक पडू लागली आणि ही शिल्लक कशासाठी खर्चावी, हा वाद उभा राहिला.

हा वाद १८४९ च्या सुमारास पुण्यात उघडपणे पेटला. गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) प्रभृती नवशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यास बक्षिसादाखल द्यावा आणि त्यास जातीचे बंधन असू नये. शहरातील सनातनी मंडळींना हा अर्ज म्हणजे धर्मावरचा घाला वाटला. अर्जदारांवर बहिष्काराची धास्ती घालण्यात आली व काहींना माघार घ्यावी लागली. या प्रसंगी बावीस वर्षांचे जोतीराव फुले आपल्या माणसांसह अर्जदारांच्या रक्षणासाठी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्जदारांपैकी पुष्कळ स्वतः ब्राह्मण होते आणि ज्या वाटपाविरुद्ध ते बोलत होते, त्यावर त्यांच्याच आप्तांचा निर्वाह चालत होता. त्यामुळे या अर्जामागे पुस्तकी उत्साहापेक्षा अधिक काही होते, हे मान्य करावे लागते. विरोधकांची बाजूही निव्वळ स्वार्थाची म्हणून सोडून देता येत नाही. वीस-वीस वर्षे एका शास्त्राच्या अध्ययनात घालविलेल्या माणसाला दुसरा व्यवसाय नव्हता आणि त्याच्या विद्येचे मोल करील असा दुसरा आश्रयदाताही उरला नव्हता.

सरकारने मधला मार्ग काढला. बक्षिसांसाठी निधीतून दरसाल काही रक्कम वेगळी काढण्यात आली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज निर्माण झाले आणि त्याचे दरवाजे इतर जातींना खुले झाले. कमिटीच्या आश्रयामुळे मराठी गद्याला पहिल्यांदाच नियमित मोबदला मिळू लागला. भाषांतरे अधिक झाली व स्वतंत्र रचना कमी, ही या आश्रयाची मर्यादा होती. कमिटीच्या चिटणीसपदी काम केलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) हे या संक्रमणकाळाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. पाठशाळेत मोरशास्त्री साठे यांच्याजवळ त्यांनी न्याय, अलंकार व धर्मशास्त्र यांचे अध्ययन केले. गुरूंनी त्यांस ‘बृहस्पती’ म्हणावे, इतकी त्यांची बुद्धी तीव्र होती. पुढे ते इंग्रजी शिकले आणि अर्थशास्त्रापासून अरबी भाषेतील सुरस गोष्टींपर्यंत नाना विषय त्यांनी मराठीत आणले. पाठशाळेतील शास्त्री इंग्रजी ज्ञानाचा भाष्यकार झाला, तो असा. त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी निबंधमालेत (१८७४–८१) इंग्रजी वळणाच्या मराठीवर आणि सरकारी आश्रयाच्या विद्येवर जी कठोर टीका केली, तिला ही कौटुंबिक पार्श्वभूमी आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर निधीचा आणखी एक उपयोग निघाला. एल्फिन्स्टन कॉलेज आणि पूना कॉलेज (१८६४ पासून डेक्कन कॉलेज) येथील हुशार विद्यार्थ्यांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून नेमण्यात येऊ लागले. फेलोने आपला पुढील अभ्यास करावयाचा व खालच्या वर्गांना काही तास शिकवावयाचे, अशी ही योजना होती. विद्यार्थी व अध्यापक यांच्यामधली ही पायरी आपल्याकडील नव्या विद्वत्तेची खरी उगमभूमी ठरली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी. दोघेही दक्षिणा फेलो होते. भांडारकरांनी संस्कृतचा सखोल अभ्यास या फेलोशिपच्या काळात केला. त्यांची वृत्ती तेव्हापासूनच निर्भीड होती. पूना कॉलेजातील संस्कृतचे जर्मन प्राध्यापक मार्टिन हौग यांनी १८६३ मध्ये ऐतरेय ब्राह्मणाची आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली, तेव्हा तरुण भांडारकरांनी तिचे परखड परीक्षण लिहिले. एतद्देशीय पदवीधराने युरोपीय पंडिताच्या वेदार्थाची तपासणी त्याच्याच साधनांनी करावी, ही त्या काळी नवी गोष्ट होती. धर्मग्रंथांकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहण्याची जी पद्धती येथे रुजली, तिचे परिणत फळ म्हणजे त्यांचा वैष्णव, शैव व इतर संप्रदायांवरील ग्रंथ (१९१३). प्रार्थना समाजाचे निष्ठावंत उपासक असूनही भक्तिसंप्रदायांच्या कालक्रमाची चिकित्सा करताना त्यांची लेखणी कचरली नाही. रानड्यांनी ईश्वरविषयक चिंतनाबरोबर मराठी ग्रंथसंपदेचा आढावा व मराठ्यांचा इतिहास हे विषय हाती घेतले. पुढे १८८० च्या सुमारास गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात फेलो झाले. ईश्वराचे अस्तित्वच शंकास्पद मानणाऱ्या या बुद्धिवाद्यास श्रावणी दक्षिणेच्या पैशातून वेतन मिळाले, हा योगायोग लक्षणीय आहे.

या नव्या विद्वत्तेच्या इतिहासात शास्त्र्यांचा वाटा मात्र नेहमी अर्ध्या ओळीत आटोपला जातो. हौगना श्रौत विधींचे ज्ञान पुण्याच्या याज्ञिकांनी प्रत्यक्ष प्रयोग दाखवून करून दिले. डेक्कन कॉलेजात १८६६ पासून अध्यापन करणाऱ्या फ्रांट्स कीलहॉर्न यांनी परिभाषेन्दुशेखर व पातंजल महाभाष्य या अवघड व्याकरणग्रंथांच्या प्रमाणभूत आवृत्त्या सिद्ध केल्या. तत्पूर्वी त्यांनी अनंतशास्त्री पेंढरकर यांच्याजवळ बसून व्याकरणाचे पाठ घेतले होते. पदाने प्राध्यापक व नात्याने शिष्य अशी ही जोडी होती. एकाचे नाव मुखपृष्ठावर आले, दुसऱ्याचे प्रस्तावनेत राहिले. कीलहॉर्न यांनी कृतज्ञता नोंदविली, म्हणून निदान ते नाव आपणास ठाऊक आहे. झळकीकर बंधूंनी मात्र स्वतःच्या नावाने चिरस्थायी कार्य केले : भीमाचार्यांचा न्यायकोश (१८७५) आणि डेक्कन कॉलेजात शिकविणाऱ्या वामनाचार्यांची काव्यप्रकाशावरील बालबोधिनी टीका (१८८९) या दोन्ही कृती अद्याप अभ्यासकांच्या हाती असतात. शास्त्री हे केवळ साहाय्यक होते, हा समज दूर करण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

फेलोशिपचा लाभ इंग्रजी शिकलेल्यांना मिळाला. पारंपरिक शास्त्राध्ययनाकडे निधीचा ओघ जवळजवळ आटला. ती उणीव भरून काढण्यासाठी १८७५ मध्ये पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली व लोकवर्गणीतून शास्त्रांच्या परीक्षा घेऊ लागली. तिच्या संस्थापकांत रानडे होते, म्हणजे निधीने घडविलेला माणूसच निधीने सोडलेले काम उचलण्यास पुढे आला. दुसऱ्या बाजूने जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे असा आक्षेप मांडला, की महसूल शेतकरी भरतो आणि सरकार तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते. दक्षिणा रमण्यातून महाविद्यालयात आली, तरी ती घेणारे हात बहुतांशी एकाच समाजाचे राहिले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. पूना कॉलेज सर्वांना खुले झाले, पण तेथपर्यंत पोचण्यास लागणारे प्राथमिक शिक्षणच खेड्यांत नव्हते.

डेक्कन कॉलेजात साठत गेलेला हस्तलिखितांचा सरकारी संग्रह १९१८ मध्ये, आदल्या वर्षी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्या संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले व १९६६ मध्ये मूळ संहितेचे संपादन पुरे झाले. पाठभेदांच्या तुलनेसाठी तेथे शास्त्री व पदवीधर एकाच मेजाशी बसत. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांच्या न्यायालयीन लढ्यानंतर १९३९ मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि भाषाशास्त्र, पुरातत्त्व व समाजशास्त्र या विषयांकडे वळले. विश्रामबागवाड्यातील पाठशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था १८२१ हेच आपले स्थापनावर्ष मानते. रमण्याची जागा मात्र शहराच्या वाढीत हरवून गेली आहे.