लिव्हर दिलेल्या माणसाचं पुढं काय होतं?

ऑगस्ट २०२५ मधली पुण्याची बातमी आठवत असेल. बायकोनं नवऱ्याला लिव्हरचा तुकडा दिला. ऑपरेशननंतर नवरा गेला आणि आठवड्याभरात तीही गेली. आरोग्य खात्यानं रुग्णालयाला नोटीस काढली, थोडे दिवस चर्चा झाली, मग थांबली. धडधाकट देणारा माणूसही दगावतो का, असं तेव्हा कित्येकांनी विचारलं. दगावतो. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर हजारात एक ते पाच. आकडा लहान आहे, पण हे माणूस आजारी नसताना टेबलावर झोपलेलं असतं.

याचा इतिहास फार जुना नाही. पहिला प्रयत्न डिसेंबर १९८८ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत झाला. पहिलं यश जुलै १९८९ चं, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं. एका जपानी आईनं मुलाला दिलं होतं. त्याच नोव्हेंबरात शिकागोत एका आईनं आपल्या लहान मुलीला दिलं. निरोगी माणसावर सुरी चालवावी का, याची चर्चा तिथल्या डॉक्टरांनी आधी जाहीरपणे छापली आणि मगच ऑपरेशनला हात घातला. तरी त्या आईची प्लीहा ऑपरेशनमध्ये दुखावली आणि काढावी लागली. मथळा अर्थातच मुलगी वाचल्याचा झाला. आम्हा पत्रकारांची ही सवय जुनीच.

भारतात १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोत वीस महिन्यांच्या बाळाला वडिलांनी लिव्हरचा भाग दिला. ते बाळ मोठं होऊन डॉक्टर झालं. चांगलीच बातमी आहे ती. पण या सगळ्या इतिहासात देणाऱ्याचं नाव ठळकपणे येतं ते बहुधा तो मेल्यावरच.

जानेवारी २००२, न्यूयॉर्क. आल्बनीच्या दैनिकातला एक बातमीदार भावाला लिव्हर देऊन तिसऱ्या दिवशी वारला. त्या रुग्णालयातली अशी ऑपरेशनं थांबवली गेली, राज्यानं दात्यांसाठी नियम केले. पुढं अमेरिकेत सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी दात्याची माहिती कळवणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. दात्याची बाजू बघणारा वेगळा माणूसही नेमावा लागतो. २००३ मध्ये क्योटोत मुलीला लिव्हर देणारी आई गेली, तेव्हा जपाननं देशभरच्या दात्यांना प्रश्नावली पाठवून तब्येत विचारली. म्हणजे कुणीतरी गेलं की नियम येतो.

जे जगतात त्यांचं काय? कापलेला भाग परत उगवत नाही, उरलेला भाग वाढून काम सांभाळतो, आणि ही वाढ बहुतांशी पहिल्या काही महिन्यांतच होते. अमेरिकेतल्या नऊ केंद्रांच्या अभ्यासात दहापैकी जवळजवळ चार दात्यांना काही ना काही त्रास झाला: जंतुसंसर्ग, पित्त झिरपणं, टाक्याच्या जागी हर्निया. बहुतेकांचा वर्षभरात मिटला. बहुतेक दाते म्हणतात, पुन्हा वेळ आली तरी देऊ. ज्यांचा रुग्ण वाचत नाही, त्यांचं दुखणं मात्र सोनोग्राफीत दिसत नाही.

आता आपल्याकडं या. सोलापूरची माणसं या ऑपरेशनला पुणं, मुंबई, नाहीतर हैदराबाद गाठतात. घरात देणारं कोण? देशातल्या २०१९ च्या प्रत्यारोपणांच्या अभ्यासात जिवंत दात्यांत ८० टक्के बायका निघाल्या आणि अवयव मिळालेल्यांत ८० टक्के पुरुष. "तू दे" असं कुणी म्हणत नाही हो, पण सगळे तिच्याकडंच बघतात. नवरा कमावता, मग तिनं द्यायचं. आणि विडी वळून घर चालवणारी बाई कमावती नसते की काय?

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा वाचा. कलम १२ म्हणतं, सगळे धोके दात्याला समजावल्याशिवाय डॉक्टरनं हात लावायचा नाही. त्याच कायद्यात अवयवासाठी पैसे घेण्याला बंदी आहे, पण दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई त्या बंदीतून वगळली आहे. म्हणजे ती भरून देणं गुन्हा नाही. पण भरून द्यायचीच, अशी सक्ती त्यात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयव दिल्यावर ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते त्या बाईला, किंवा यंत्रमागावर उभ्या कामगाराला, कुठली रजा? जड उचलायचं नाही असं कागदावर लिहून मिळतं. पाण्याची घागर कोण उचलणार, ते लिहिलेलं नसतं.

सही करण्याआधी एवढं विचारा: आमच्या बाईची तपासणी किती वर्षं करणार, ती फुकट का विकत, आणि नातेवाईक बाहेर काढून डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलणार का. नाही म्हणायचं असेल तर ते ऑपरेशन होईपर्यंत केव्हाही म्हणता येतं.

जिल्ह्यातल्या कुणी पाच-सात वर्षांपूर्वी लिव्हर दिलं असेल तर मला मेसेज करा. कसे आहात, काम जमतं का, शेवटची तपासणी कधी झाली, एवढंच विचारायचं आहे. नाव छापणार नाही.